मस्टरवर नाव कुणाचं?

कामठीत 'जय भीम' म्हणताना आपण एका कामगार पुढाऱ्यानं दिलेला शब्द उच्चारतो. बाबू हरदास इथलेच, जन्म 6 जानेवारी 1904 चा. हे अभिवादन रूढ केलं त्यांनी, आणि विड्या वळणाऱ्यांची संघटना बांधली तीही त्यांनीच. 1937 साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठीतून ते विधिमंडळात गेले. 12 जानेवारी 1939 ला क्षयानं गेले, पस्तिशीत. त्यांचा शब्द घराघरांत राहिला. संघटनेचं काम मात्र आपण तसबिरीच्या हारामागे ठेवून दिलं. मला याचा राग येतो.

विडीच्या धंद्यात मालकाचं बळ कारखाना नसण्यात आहे. तेंदूपत्ता, तंबाखू, सूत ठेकेदार देतो. बाई आपल्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन वळत बसते. हजारी दर तोच सांगतो. मोजून घेताना मूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. पत्ता कमी पडला तर पदरचा घाला. पलीकडच्या ओसरीवर किती छाट निघाली, हे हिला कळत नाही. एकटी बोलली, तर उद्यापासून पत्ता बंद. दहा ओसऱ्या एका दिवशी बोलल्या, तर ठेकेदार पत्ता कुणाकुणाचा बंद करील?

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं. कच्चा माल, छाट, मजुरी यांवरून होणारी भांडणं सोडवण्याची वाट दिली. 21 नोव्हेंबर 2025 ला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत विरला. आता संघटनेच्या नोंदणीचा अर्ज सात जणी करू शकतात. हा हक्क 1926 पासूनचा आहे, तो टिकला. पण एका ठिकाणी अनेक संघटना असल्या, तर मालकाशी एकट्यानं बोलणी करायला मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. ओसरीवरच्या बाईचं नाव ठेकेदाराच्या वहीत असतं. मस्टरवर ते कुणी चढवलं?

म्हणून दरवाढीच्याही आधी मस्टर मागा. येत्या 12 जानेवारीला हरदासांच्या तसबिरीला हार घालायला जो पुढारी येईल, त्याला तिथंच विचारा: तुमच्या वॉर्डात विड्या वळणाऱ्या किती, आणि त्यांतल्या मस्टरवर किती?