पाठीचा सीमाप्रश्न

मनुष्यदेहात पाठ कोठे संपते आणि कंबर कोठे सुरू होते, हा तंटा सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे रुजू केला असता, तर १९६७ साली त्याचाही अहवाल सादर झाला असता आणि निदान एका पक्षाने तो तत्काळ नामंजूरही केला असता. परंतु त्याच सीमाभागातल्या येळ्ळूर गावच्या तालमीत ज्याला पहाटेपासून परक्यांची अंगे रगडावी लागतात, त्याच्या लेखी हा सारा मुलूख अखंड असून सायंकाळी तो सबंधच्या सबंध दुखतो. चांगळेश्वरीच्या यात्रेत कुस्त्यांचे मैदान भरते, हलगी कडाडते, जिंकणाऱ्या मल्लाला फेटा बांधला जातो. त्या मल्लाच्या अंगात तेल जिरविता जिरविता ज्याची कंबर धरली, त्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही.

वास्तविक या व्याधीचे मूळ तेलात नाही, वाकण्यात आहे. नवशिका पोरगा कमरेतून कमानीसारखा वाकतो आणि सारा जोर दंडांतून व अंगठ्यांतून काढू पाहतो. तेव्हा वस्तादांचे फर्मान सुटते, ‘‘अरे, कमरंत काय वाकूलैस? गुडघा टेक की!’’ एक गुडघा जमिनीला, दुसरे पाऊल पुढे रोवलेले, पाठीचा कणा सरळ, कोपर फारसे न मुडपलेले, खांदे मनगटांच्या वर, आणि हात लांबविण्याऐवजी स्वतःच पुढे सरकायचे, म्हणजे देहाचे वजन आपोआप उतरते व बाहुबलाची खर्चाची बाजू हलकी होते, हे शास्त्र त्या फर्मानात सामावलेले असते. अंगठा थकला की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात कामाला लावावा, ही त्याचीच पुरवणी. बैठका मारणाऱ्या पोराला हे सहज साधते. तालमीत येऊन केवळ गप्पा मारणाऱ्यास साधत नाही.

केरळातील कळरी या युद्धकलेच्या गुरूंनी तर वाकण्याचाच निकाल लावला आहे: वर टांगलेला दोर धरून ते उभ्यानेच पावलांनी मर्दन करतात. आमच्याकडे आजोबांची पाठ तुडविण्यास नातवंडांची तैनात होते, पण दोराची तजवीज नसल्यामुळे दोन्ही पक्ष परमेश्वराच्या हवाली असतात. बाळंतघरी तेल लावणाऱ्या मावशी पाय पसरून, नडग्यांवर बाळ घेऊन तासभर ओणव्या असतात. त्यांच्या पाठीला भिंतीचा टेकू द्यावा, हे कोणास सुचत नाही. शहरांतील मालिशकेंद्रांत टेबल आले, तरी उभ्याने हात सरळ सोडला असता बोटांची पेरे जेथे पोचतात, साधारण तेवढीच त्याची उंची हवी. ती न जुळविता दिवसभर राबणारा माणूस अखेर त्याच टेबलावर आडवा होतो.

तेव्हा, वाचकहो, मालिश करून घेताना मालिश करणाऱ्याच्या बाजूच्या कडेला सरकून निजावे, कूस आपली आपण बदलावी, आणि ‘आणखी जोर लाव’ हा हुकूम सोडण्यापूर्वी त्याने गुडघा टेकला आहे की नाही, एवढे मान वळवून पाहावे.