टॅलीवाला

"आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर असतं," असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो, त्याचा अर्थ एवढाच असतो की संध्याकाळी सातला टॅलीवाला येतो. टॅली हे मुळात सॉफ्टवेअरचं नाव. पण बाजारपेठेत दूधवाला, पेपरवाला, तसा हा टॅलीवाला.

हा बी.कॉम. झालेला असतो. सीएची परीक्षा का सुटली हे आपण विचारायचं नसतं. खिशात सहा पेनड्राइव्ह, प्रत्येकावर चिकटपट्टीने दुकानाचं नाव. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि याच्या पंचांगातून एकादशी-चतुर्थी गेल्या. अकरा तारखेचा जीएसटीआर-वन आणि विसाचा थ्री-बी, एवढे दोनच सण उरले. एकोणीस-वीसला सख्ख्या मेहुण्याचं लग्न असलं तरी हा फक्त जेवायला पोचतो, तेही शेवटच्या पंगतीला.

दुकानदार बिस्किटांचा रिकामा डबा त्याच्यापुढे सरकवतो. महिन्याचा व्यवहार त्यात.

"शेठ, ह्या चिठ्ठीवर 'काळा शर्ट, जमा १२००' एवढंच आहे. कुणाच्या खात्यात घालू?"

"अरे, तो मागची उधारी देऊन गेला ना! नाव आठवत नाही. शर्ट काळा होता."

"सस्पेन्सला टाकतो."

"टाक. पण पुन्हा सापडेल असं टाक."

एवढं होऊन गल्ल्याखालची लाल वही जागची हललेली नसते. "कॉम्प्युटर सरकारसाठी, वही आपल्यासाठी," हे शेठचं तत्त्वज्ञान. दोन्हींचा मेळ बसवायचा म्हणून तर टॅलीवाला ठेवलेला.

त्याची स्वतःची फी मात्र चार महिने थकलेली असते. दर महिन्याला एफ-सेव्हन दाबून ती 'देणे' म्हणून तो स्वतःच्याच हाताने, पै-पैचा हिशेब राखून चढवतो. ताळेबंद चोख जुळतो.

यंदा लक्ष्मीपूजनाला शेठने वहीबरोबर कीबोर्डलाही हळदकुंकू वाहिलं, वर तीर्थ शिंपडलं. तेव्हापासून एफ-फाइव्ह दाबलं जात नाही. पैसे दिल्याची नोंद त्याच बटणावर होते. शेजारचं एफ-सिक्स, पैसे आल्याचं, लोण्यासारखं चालतं.

"नवा कीबोर्ड आणू या का, शेठ?"

"कशाला? देवाची इच्छा दिसत्ये."