खारे वारे आणि जरीपटक्याचे कान

नागपूरच्या पोरांना शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ करायला लावणं हा शुद्ध अन्याय आहे. दिवसा पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटा जातो. जमीन तापते याबद्दल आमच्या जरीपटक्यात कोणाचीच तक्रार नाही. मे महिन्यात ती ४५ अंशांपर्यंत तापून दाखवते. पण पुढचा समुद्र आणायचा कुठून? आमचा समुद्र म्हणजे फुटाळा. आहे तो भोसल्यांच्या काळातला तलाव, पण काठावर भुट्टेवाले बसतात एवढ्या पुराव्यावर आम्ही त्याला चौपाटी करून टाकलंय.

तर मेच्या अखेरीला, ‘गर्दी नसलेला, शांत समुद्र बघायचा’ असा ठराव घरात पास झाला आणि दापोली तालुक्यातलं केळशी नक्की झालं. संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या चाचांकडे पोचली. जरीपटका म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती. इथे एका गच्चीवर पापड वाळत पडले की चार गच्च्यांना त्यातल्या मिऱ्यांचं प्रमाण कळतं. चाचांचे वडील कराचीहून बोटीने मुंबईला उतरले होते. तेवढ्या भांडवलावर चाचा स्वतःला समुद्राचे नातेवाईक समजतात. जन्म जरीपटक्यातला, समुद्र पाहिलेला टीव्हीवर. त्यात दैवत झूलेलाल, माशावर बसलेला पाण्याचा देव. “आपल्या देवाचं घर आहे ते भाऊ. मी नाही येनार तर कोन येईल?” यावर काय बोलणार! चाचा, चाची आणि डबाभर कोकी असा ऐवज गाडीत चढला. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर सगळ्यांनी झोपून काढले (चालवणारा मी सोडून), आणि कोकणातल्या वळणांनी ती झोप व्याजासह वसूल केली.

केळशीच्या वाळूत पाय ठेवला आणि आधी माझी टोपी गेली, पाठोपाठ ठरावातला ‘शांत’ गेला. माणूस म्हणाल तर लांबपर्यंत फारसं कोणी नाही. पण वारा! सुरूची झाडं सगळी एका बाजूला कलून सूं सूं करतायत, लाटा आदळतायत, आणि तोंडातून निघालेला शब्द समोरच्याला न गाठता थेट सुरूच्या बनात. पुण्याचं एक जोडपं एकमेकांना काही समजावू पाहत होतं. थोड्या वेळाने त्यांनी हातवाऱ्यांवर भांडण सुरू केलं, मग तेही सोडून गाडीत जाऊन बसले.

आम्हाला मात्र काही फरक पडला नाही. मार्चपासून आमच्याकडे खिडकीला कपाटाएवढा लोखंडी कूलर लागतो, तो पाऊस येईपर्यंत घरघरतो. लग्नाच्या बोलण्या, दुकानाचे सौदे, पोरांचे पाढे, सगळं त्या घरघरीवर आवाज चढवूनच चालतं. चाचा पाण्याजवळ, चाची वर वाळूत, आणि मधल्या अंतरावरून दोघांचं जावयाच्या दुकानाविषयी सविस्तर बोलणं चाललेलं. एकही आकडा वाऱ्यावर गेला नाही.

मग चाचांनी पाण्याला ‘अखो’ द्यायचं ठरवलं. तांदूळ आणि साखर मुठीत घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि चेटीचंडच्या मिरवणुकीत देतात तशी आरोळी दिली, “आयो लाल, झूलेलाल!” मूठ उघडली. वाऱ्याने अखो अर्ध्या हवेतच वळवला आणि तांदळाचा दाणा न् दाणा चाचीच्या केसांत आणून टाकला. साखर चाचांच्या मिशीवर थांबली. “उधार नाही ठेवत तुमचा देव,” चाची म्हणाली. कोकीत एव्हाना कांदा-मिरचीच्या बरोबरीने वाळूही मुरली होती. आम्ही ती न बोलता खाल्ली, आणि दाताखालच्या आवाजाला समुद्राचा आवाज समजलो.

खाडीच्या तोंडाशी वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. १५२४ साली वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना समुद्र अचानक खवळला होता. त्याच त्सुनामीने ही टेकडी रचली असं काही संशोधक म्हणतात, काहींना ती वाऱ्याचीच करामत वाटते. मिशीतली साखर झाडत चाचांनी आपलं मत वाऱ्याच्या पारड्यात टाकलं. पण गावातला याकूबबाबांचा दर्गा शिवाजी महाराजांच्या इनामामुळे ओळखला जातो आणि बाबा मूळचे सिंधचे अशी आख्यायिका आहे, हे कळलं तेव्हा त्यांची छाती वीतभर फुगली. “म्हनजे इथेही आपला मानूस आधीच पोचला होता!” प्लॉटचा भाव विचारायचे तेवढे राहिले.

खाडीकडे होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून होड्या किनाऱ्यावर घेऊन झापांनी शाकारायच्या. एक म्हातारे तांडेल जाळं आवरत बसले होते. भरती कधी, असं विचारलं तर त्यांनी मोबाइल नाही काढला. “आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती.” चाचा ताठ बसले. आयुष्य गल्ल्यावर गेलेला माणूस, पाऊणकी तोंडपाठ. “अष्टमीला सहा? नवमीला पावणेसात?” तांडेल नुसती मान हलवत होते. इतका हिशेबाचा पक्का समुद्र चाचांना फार आवडला. जीएसटीसुद्धा एवढा सोपा नाही, म्हणाले.

कुठून आलात, असं तांडेलांनी विचारलं. नागपूर म्हटल्यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. हिवाळी अधिवेशनावर मच्छीमारांचा मोर्चा गेला होता, त्यात ते होते. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलिसांनी अडवलं, दिवसभर बसून राहिले, निवेदन दिलं, परत आले.

“कसं वाटलं नागपूर?” मी विचारलं.

“शहर चांगला हाय. पन रातच्याला झोप नाय लागली हो. कसलाच आवाज नाय. वारा नाय, लाट नाय, सगला मेल्यासारखा गप्प.”

चाचांना हे फार लागलं. त्यांनी तांडेलांचा हात हातात घेतला. “भाऊ, पुढच्या डिसेंबरात मोर्चा आला का सरळ जरीपटक्यात उतरा. थंडी असू द्या नाही तर काही असू द्या, रातभर उशाशी कूलर लावून देतो.”