‘तेच तर’ काका

साकीनाका मेट्रो स्टेशनच्या जिन्याखालच्या टपरीवर सकाळी आठच्या सुमारास ‘तेच तर’ काका हमखास असतात. त्यांचं खरं नाव चहावाल्यालाही ठाऊक नाही. कुणी काहीही बोललं की काका मान डोलावतात, “अहो, मी तेच तर म्हणतोय!” आपण काय म्हणत होतो, हे त्यांना समोरच्याचं वाक्य संपल्यावर कळतं.

खैरानी रोडचा टेम्पोवाला कुरकुरतो, मेट्रोच्या खांबांनी रस्ता खाल्ला. “तेच तर! आमचा अंधेरी-कुर्ला रोड कसा ऐसपैस होता!” (तो कधीच ऐसपैस नव्हता.) तेवढ्यात मरोळला नोकरी करणाऱ्या एक बाई जुनं दुखणं काढतात: घाटकोपरहून ३४० नंबरच्या बसमध्ये लोंबकळत यायचं, त्यात पाऊस. “तेच तर! जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली, तेव्हा कुठे आपण माणसांत आलो.” टेम्पोवाला अजून तिथेच, हातात ग्लास. काकांना त्याचं काही नाही. फारच अडचण झाली तर डोक्यावरून विमान जातं. इथे ते सारखं जातच असतं. आवाज विरेपर्यंत काकांचं मत पलीकडच्या बाजूला सुखरूप उतरलेलं असतं.

याला लबाडी म्हणू नये. लबाड माणूस फायदा बघून बाजू बदलतो. काकांच्या पदरात यातून आजवर एक फुकटची कटिंगही पडलेली नाही. आपलं मत घेऊन कुणी एकटं उभं राहिलेलं त्यांना बघवत नाही, एवढंच.

टपरीमागच्या गाळ्यात स्पोकन इंग्लिशचा क्लास चालतो. तिथे एकदा ‘कम राउंड टू’ शिकवत होते: आधी विरोध, मग हळूहळू दुसऱ्याच्या मताला येणं. एका पोराने उदाहरण म्हणून काकांचं नाव घेतलं. सरांनी काट मारली. ‘कम राउंड’ व्हायला माणूस आधी कुठेतरी अडून बसलेला हवा. लेकीच्या लग्नाला वर्षभर नाही म्हणणारा बाप बारशाला सगळ्यांच्या आधी हजर होतो, तो ‘कम राउंड’ झाला. काका काय, घरातून निघतानाच तुमच्या मताला आलेले असतात. ते मत कोणतं, तेवढं तुम्ही सांगायचं.

सध्या काकांच्या सोसायटीत पुनर्विकासाचं वारं आहे. ५१ टक्के सभासदांची संमती हवी. सेक्रेटरी कागद घेऊन आले, नव्या घरात लिफ्ट असेल म्हणाले. काकांनी सही केली. तासाभराने विरोधी गट आला, बिल्डर भाडं थकवेल म्हणाला. काकांनी त्याही कागदावर सही केली. दोन्ही गट रोज रात्री आकडेमोड करतात, आणि दोघांची बेरीज सोसायटीच्या एकूण सभासदांपेक्षा एकाने जास्त भरते.