भाव न ठरवणाऱ्या प्राधिकरणास

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली यांस
कुर्ला पश्चिमेहून

आपल्या संयमाचे जाहीर कौतुक करावे, एवढ्यासाठीच हे पत्र. आमच्याकडच्या सरकारी खात्यांना असा संयम जमत नाही. कुर्ला स्टेशनबाहेर रिक्षात बसले की पहिल्या दीड किलोमीटरचे 26 रुपये. फेब्रुवारी 2025पासूनचा हा दर मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाने ठरवला. पुढे किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. त्या 14 पैशांवरसुद्धा सरकारची नजर! सीएनजी महागला म्हणून रिक्षावाल्याने आपल्या मनाने मीटर पुढे ढकलला, तर तो गुन्हा. त्याच रिक्षावाल्याच्या खिशातल्या मोबाइलचा दर मात्र कंपन्या स्वतः ठरवतात आणि कामकाजाच्या सात दिवसांत आपल्याला कळवतात. आपण तो नोंदवून घेता. कारभार असा सुटसुटीत असावा.

जुलै 2024मध्ये हा सुटसुटीतपणा आम्ही डोळे भरून पाहिला. 3 तारखेला जिओ आणि एअरटेलने दर वाढवले, 4 तारखेला व्होडाफोन आयडियाने. 28 दिवसांचा स्वस्तातला रिचार्ज जिओवर 155चा 189 झाला, उरलेल्या दोघांकडे 179चा 199. एकमेकांना विचारूनच वाढवले, असे मी म्हणणार नाही. कुर्ल्यात शेजारशेजारच्या दोन टपऱ्यांवर चहा एकाच दिवशी महागतो, तेव्हा तरी आम्ही कुठे चौकशी करतो? सरकारने सांगितले की दर बाजार ठरवतो आणि परदेशापेक्षा आपल्याकडे फोन स्वस्तच आहे. खरे आहे. पगार तेवढा परदेशातल्यासारखा नाही.

आपण पूर्वी असे नव्हता हो. 1995 साली मुंबईत मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा-सोळा रुपये जात आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मग 1999च्या आदेशात आपण कमाल दर बांधून दिले. 2003मध्ये इनकमिंग फुकट झाले, तेही आपल्याच नियमांमुळे. बाजारात गर्दी होत गेली आणि आपण दरांवरचा हात काढून घेतलात. तो निर्णय चुकीचा नव्हता. लूप, एअरसेल, युनिनॉर, टाटा डोकोमो अशा कंपन्या गिऱ्हाईक पळवायला टपलेल्या असताना दर बांधायची गरजच काय होती? सेकंदावर बिल आले, ते या चढाओढीतून. आता ती सगळी नावे पुसली गेली. तीन खासगी आणि एक सरकारी उरली. सरकारीची रेंज हा वेगळ्या पत्राचा विषय. गर्दी पांगली तरी आपला हात अजून मागेच.

अगदीच काही केले नाहीत, असेही नाही. 28 दिवसांच्या महिन्यामुळे वर्षाला तेरा रिचार्ज होतात, हे लक्षात आल्यावर 2022मध्ये आपण तीस दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवायला लावलात. डिसेंबर 2024मध्ये तर कमालच केलीत: ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे व्हाउचर सक्तीचे. देशात सुमारे 15 कोटी लोक टूजीवर आहेत. आमच्या चाळीतल्या, घरकाम करणाऱ्या मावशी त्यांतल्याच. बटणांचा फोन, गावाकडे मुलीला रोजचा एक कॉल. त्या खूश झाल्या.

मग जानेवारी 2025मध्ये व्हाउचर आले. जिओचे 448 रुपये, एअरटेलचे 469, दोन्ही 84 दिवसांचे. व्हाउचर असलेच पाहिजे, असे आपण म्हणालात. ते किती दिवसांचे आणि कितीला, हे कंपन्यांवर सोडलेत. मुदत 365 दिवसांपर्यंत नेण्याची मुभा मात्र आठवणीने दिलीत. जिचा पगार महिन्याच्या महिन्याला आणि तोही चार घरांतून तुकड्यातुकड्याने येतो, त्या बाईने एका दमात साडेचारशे काढायचे. दुकानदार मावशींना 28 दिवसांचा इंटरनेटवाला रिचार्जच मारून देतो. त्यातला डेटा त्या कधी वापरणार, ते आपल्याला ठाऊक असेल.

दर ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, असे उत्तर कृपया पाठवू नये. 1997च्या आपल्याच कायद्याचे कलम 11(2) तो देते. सगळे दर बांधा, असे आमचे म्हणणे नाही. फक्त कॉलचा, तीस दिवसांचा एक रिचार्ज आणि त्याला कमाल दर, एवढाच आदेश काढावा.

आपला नम्र,
एक प्रीपेड ग्राहक