अगदी बरोबर, पंतप्रधान महोदय!

निवडणुकीतली समोरासमोरची चर्चा म्हणजे धोरणांची लढत, असं मानणारे भाबडे लोक अजून आहेत. त्यांनी 28 एप्रिल 1988 ची फ्रान्समधली चर्चा पाहावी. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ, दुसऱ्या बाजूला त्यांचेच पंतप्रधान जाक शिराक. दोघेही राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. मित्तराँचं आपलं ‘पंतप्रधान महोदय’ चालूच. शिराक वैतागले. आज रात्री मी पंतप्रधान नाही आणि तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, आपण दोघं बरोबरीचे उमेदवार, तेव्हा मी तुम्हाला नुसतं ‘मित्तराँसाहेब’ म्हणणार, असं त्यांनी ठणकावलं. मित्तराँ शांतपणे म्हणाले, अगदी बरोबर आहे तुमचं, पंतप्रधान महोदय.

झालं! बरोबरी मागायला आलेल्याला एका वाक्यात पुन्हा हाताखाली बसवलं. तेही इतक्या अदबीनं, की तक्रार करायची सोय नाही. दहा दिवसांनी मित्तराँ 54 टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. (केवळ या वाक्यामुळे नव्हे, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच.)

मित्तराँनी स्वतःही असा मार खाल्ला होता. गरिबांचा कळवळा हे मित्तराँसारख्या समाजवाद्यांचं जुनं भांडवल. 1974 च्या चर्चेत अर्थमंत्री जिस्कार देस्तँ यांनी त्यालाच हात घातला: हृदय ही काही तुमची एकट्याची मक्तेदारी नाही! आकडे राहिले बाजूला. जिस्कार चार लाखांवर मतांनी जिंकले.

अमेरिकेत एवढी नजाकत नाही. 2016 मध्ये ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन यांची ‘घाणेरडी बाई’ अशी संभावना केली, 2020 मध्ये बायडन ट्रम्पना ‘गप्प बस ना बाबा’ म्हणाले. 2024 मध्ये बोलायची पाळी नसलेल्याचा माइकच बंद ठेवायची वेळ आली.

आपल्याकडे नेते एकमेकांचा उद्धार करतात तो सभेत, म्हणजे ज्याचा करायचा तो हजर नसताना. मे 2024 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि माजी संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला. त्यावर भाजपच्या युवा मोर्चानं चर्चेसाठी आपला एक उपाध्यक्ष देऊ केला! शिराकना निदान समोर मित्तराँ तरी मिळाले होते. इथे चर्चा झालीच नाही.