कमरपट्ट्याच्या बदलीचा हुकूम

प्रति,
रा. रा. कमरपट्टा (करडा, लवचिक, आकार : मोठा),
मुक्काम माझी कंबर, कराड.

विषय : आपली कमरेवरून माळ्यावर बदली करण्याबाबत.
संदर्भ : घरगुती गॅसचे एक भरलेले सिलिंडर.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, या कमरेस आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नसल्याने आपणांस तत्काळ कार्यमुक्त करण्यात येत आहे. आपल्या ताब्यातील चार पोलादी पट्ट्या, दोन हात वेल्क्रो आणि त्यास चिकटलेले माझे केस, पदराच्या जरीचे धागे व घरातील समस्त कचरा यांसह आपण नव्या जागी रुजू व्हावे...

जाऊ दे. सात वर्षं ज्याने पोटाला मिठी मारली त्याला अहो-जाहो किती वेळ करायचं? तू म्हणते.

तर बाबा रे, मला लग्नात कमरपट्टा हवा होता. सोन्याचा नव्हे, चांदीवर पाणी दिलेला चालला असता. सासूबाई म्हणाल्या, "हल्ली कोण घालतं?" विषय संपला. पुढे वीस वर्षांनी, २०१८ साली, कमरपट्टा मिळाला तो तू. मेडिकलच्या दुकानातून, सातशे वीस रुपयांना, पावतीसकट. तुझ्यावर ना मोर, ना कोयरी. घातल्यावर मी लक्ष्मीसारखी दिसत नव्हते, दोरी बांधलेल्या ट्रंकेसारखी दिसत होते.

तुझी नेमणूक कशी झाली ते आठवतं? बेंदराचा आदला दिवस. पुरण शिजत होतं आणि गॅस संपला. भरलेलं सिलिंडर बाल्कनीत. मी हाक मारली. यांनी बाहेरच्या खोलीतून "आलोच" म्हटलं. "आलोच" हे आमच्या घरी पंधरा ते चाळीस मिनिटांचं माप आहे. सिलिंडरवर १४.२ किलो लिहिलेलं असतं, ते आतल्या गॅसचं. लोखंडाचं वजन वेगळं, दोन्ही मिळून तीस किलोच्या आसपास जातं. आम्ही बायका ते उचलत नाही. तिरकं करून बुडाच्या कडीवर गरागरा फिरवत नेतो. इथवर पदार्थविज्ञान आमच्या बाजूने असतं. मग उंबरा येतो. मी वाकले, उचललं आणि उचललेल्या अवस्थेत शेगडीकडे वळले. कमरेत बोट मोडल्यासारखा आवाज झाला. पुढचा पाऊण तास मी फरशीवर पडून ओट्याची खालची बाजू पाहिली. (तिथे जळमटं होती. तेव्हाही पहिला विचार तोच आला.) हे धावत आले आणि म्हणाले, "पुरण उतरवायचंय का?"

शेजारच्या काकूंनी निदान केलं : उसण भरली. आणि उसणीवर आमच्या भागात उपाय एकच, पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने पाठीवर पाय मारला की उसण उतरते. गल्लीतला उपलब्ध पायाळू म्हणजे माझ्याच शाळेतला पाचवीचा मुलगा. त्याला आणलं. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग दबकत विचारलं, "बाई, मार्क कापणार नाही ना?" आणि पाय लावला. लावला म्हणजे टेकवला, बिचाऱ्याने फुलासारखा. उसण उतरली नाही. पण सात वर्षांत माझ्या कमरेवर झालेल्या सगळ्या इलाजांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अदबशीर होता, हे नमूद करते.

त्यानंतर एक्स-रे. "मणक्यात गॅप आलाय," असं सांगण्यात आलं. महाराष्ट्रात ज्याची कंबर दुखते त्याच्या मणक्यात गॅप असतोच. गंमत अशी की, फोटोत दिसतं ते उलटं. दोन मणक्यांमधली चकती झिजून तिची उंची कमी झालेली असते, म्हणजे मधली जागा आटलेली असते, वाढलेली नव्हे. नात्यात अंतर पडावं तसा हा मणक्यातला गॅप आम्ही सगळे तोंडाने वाढवत बसतो. दुसरं निदान, "गादी सरकली." गादी सरकते ती राजकारणात. मणक्यातली गादी वरच्या आणि खालच्या हाडाला घट्ट जोडलेली असते. ती फुगते, किंवा तिचं आवरण फाटून आतला गर बाहेर डोकावतो. पुष्कळदा शरीर तो गर काही महिन्यांत स्वतःच शोषून घेतं. पण "शोषला जाईल" यात "सरकली" मधली दहशत कुठे?

मग एमआरआय. माझ्याबद्दल इतकं वाईट कोणी लिहिलं नव्हतं, नणंदेच्या पत्रांतही नाही. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये फुगवटा, ऱ्हास, दाब. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. तो कागद वाचला आणि त्या दिवसापासून मी काचेची झाले. पुढे कधीतरी वाचलं की, १९९४ साली अमेरिकेत कमरेची काहीही तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले होते. त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या ठाकठीक निघाल्या त्या फक्त ३६ टक्क्यांच्या. म्हणजे माझा अहवाल वाचून मी जेवढी घाबरले, तेवढं त्यांच्यातल्या निम्म्यांनी घाबरायला हवं होतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते बिचारे धडधाकट हिंडत होते.

मी हिंडले नाही. मला तीन आठवडे झोपवलं. १९८६ साली रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दिवस झोपवलेले आणि सात दिवस झोपवलेले रुग्ण ताडून पाहिले होते. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या नोकरांवर आणखी एक प्रयोग झाला : काहींना झोपवलं, काहींना व्यायाम दिला, काहींना सांगितलं की जमेल तसं रोजचं चालू ठेवा. तिसरे सर्वांत लवकर सुधारले. हे सगळं छापून आलं तेव्हा मी शाळा-कॉलेजात होते. कराडपर्यंत यायला त्याला कुठली एसटी मिळाली नसावी.

तीन आठवड्यांनी उठले ती तुझ्या आधाराने, आणि आपला संसार सुरू झाला. सकाळी आवळताना एकदा आणि रात्री सोडताना एकदा तुझा तो "चर्रर" आवाज. मे महिन्यात तुझ्याखाली आलेलं घामोळं. बाल्कनीत तू वाळत असताना समोरच्या बिल्डिंगमधून आलेला प्रश्न, "कुणाचा हो तो?" शाळेत मला "पट्टेवाली बाई" म्हणू लागले. एका मुलाने "पट्टेरी वाघीण" केलं, ते मी मनातून मान्य केलं.

आता खरं सांग, तू काम काय केलंस? तू असूनही दुखणं वर्षातून दोनदा-तीनदा येतच राहिलं. मला वाटायचं, ते वजनाने येतं. सिलिंडरला मी त्यानंतर हातही लावला नाही. दुखणं आलं ते बेसिनवर तोंड धुताना शिंकल्यावर. एकदा खडू उचलताना. एकदा तर मोजा घालताना, आणि तेव्हा तू अंगावर होतास! येताना ते कळवत नाही, गेल्यावर आठ-दहा दिवस घरभर त्याचा वास राहतो, गावाकडच्या त्या एका मामांसारखा. नाव घेत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. विषय छोटा नव्हे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. त्या सूचनांत व्यायाम, नीट समजावून सांगणं, मनाचे उपचार या गोष्टी "करा"च्या बाजूला आहेत. "नेहमीचा उपचार म्हणून नको" या बाजूला पट्टे आहेत, तुझं अख्खं खानदान, आणि तुझ्या शेजारी ते ट्रॅक्शन, ज्याच्यावर मला बारा दिवस टांगलं होतं. मणका मोडलेल्यांना किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांना डॉक्टर तुझे जातभाई बांधतात, ती गोष्ट वेगळी. आणि पायातली ताकद जाऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर पट्टाही नको आणि हे पत्रही वाचत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. माझं तसं काही नव्हतं. माझं नुसतं दुखत होतं.

आणि हेच नुसतं दुखणं तुझ्या नोकरीचं खरं कारण होतं. पडलेला दात दिसतो, मोडलेला हात प्लास्टरमध्ये दिसतो. कंबर साडीच्या आत असते. चेहरा तोच, चालणं जवळजवळ तेच, आणि शिक्षिका असल्यामुळे आवाजही तोच. दुखतंय म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग घड्याळाकडे. तू आलास आणि मला पुरावा मिळाला. एसटीत कॉलेजची पोरं उठून जागा देऊ लागली, तीही पुढची. मागच्या चाकावरच्या सीटवर महामार्गाच्या रुंदीकरणाची सगळी वळणं कमरेत मोजावी लागतात. निवडणुकीच्या कामातून सूट मागायला गेले तेव्हा एमआरआयची फाइल पुढे केली. साहेबांनी ती उघडलीही नाही, तुझ्याकडे बघितलं आणि सही केली. हळदीकुंकवाला माझ्यासाठी खुर्ची येऊ लागली. सासूबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या, "तिला पट्टा आहे." शिक्षण सांगावं तसं.

तू कमरेसाठी नव्हतासच रे. तू बघणाऱ्यांसाठी होतास. कमरेला तुझा उपयोग शून्य, पण तुझ्याशिवाय माझ्यावर कोणाचा विश्वास नाही. एकदा तुला धुवायला टाकलं होतं आणि मी तशीच जाऊबाईंकडे गेले, तर त्यांनी हसून स्वागत केलं, "बरं वाटतंय ना आता? मग या, पापड लाटायचेत." चार तास. रात्री कळवळत घरी आले आणि सकाळी तुला आवळून पुन्हा आजारी झाले, म्हणजे लोकांच्या दृष्टीने.

बदल झाला तो एका फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. माझ्या माजी विद्यार्थिनीच्या वयाची. तिने अहवालाची फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, खाली पडलेलं पेन उचला." मी गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून, देवीसमोर बसावं तशी खाली गेले. ती म्हणाली, "अहो, वाका ना!" मला धक्काच बसला. गेली सहा वर्षं सगळं गाव मला एकच शब्द सांगत होतं : जपून. उठताना जपून, बसताना जपून, केर काढताना जपून (केर काढू नको असं मात्र कोणी म्हणालं नाही). मी इतकं जपलं की वाकायचंच विसरले. त्या दिवशी वाकले. दुखलं. मोडलं काही नाही. मग अर्धी बादली उचलायला शिकले, मग पाऊण, मग पूर्ण. रोज वीस मिनिटं चालणं. दुखणं अजून येतं. फरक इतकाच की, आलं तरी मी उठते, चहा ठेवते आणि रेंगाळत का होईना कामाला लागते. घाबरले की ते दहा दिवस राहतं, दुर्लक्ष केलं की चार दिवसांत कंटाळून जातं. मामांसारखंच.

तेव्हा तुझी बदली. तक्रार करू नकोस, नवी जागा तुझ्या पात्रतेची आहे. पाहुण्यांसाठीची कापसाची गादी गुंडाळून माळ्यावर टाकलीय, ती दर आठवड्याला उलगडून खाली लोंबायची. परवा मी स्टुलावर चढून (जपून नव्हे, नुसती चढून) तुला तिच्याभोवती आवळलं. "चर्रर" झालं. तेव्हापासून गादी सरकलेली नाही. सात वर्षांच्या सेवेतलं तुझं हे पहिलं सिद्ध झालेलं कार्य, सेवापुस्तकात नोंद घेतली आहे.

आपली (आता मोकळी),
पट्टेवाली बाई

ता. क. : काल सकाळी शिंकले आणि पुन्हा चमक भरली. तरी शाळेत गेले. एसटी भरलेली होती. कराडपासून शाळेपर्यंत उभी होते, जागा कोणी दिली नाही.